नातीच्या वेबसाइटला बक्षीस मिळालं, म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या महिन्यात आमच्या कोपरीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रमाणपत्र येऊन पडलं. आंतरशालेय स्पर्धा, गट सातवी-आठवी, विषय ‘शैक्षणिक संकेतस्थळ निर्मिती’, क्रमांक दुसरा. बी विंगमधल्या मुलीनं ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीवर वेबसाइट केली होती. खाली टाळ्या, गुच्छ, ‘ठाण्याची शान’ वगैरे नेहमीचं. लिंकसुद्धा होती. ती किती जणांनी उघडली असेल देव जाणे. मी स्वतः अंगठा दाखवून पुढे सरकले होते, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा लिफ्टपाशी भेटले. रेल्वेतून निवृत्त झालेले, कामाची गोष्ट उभ्याउभ्या विचारणारे.

“तू त्यातलीच ना गं? मग मला सांग, हिनं केलं काय नक्की? चित्र काढलं असतं तर भिंतीवर लावलं असतं. निबंध लिहिला असता तर वाचला असता. ही वेबसाइट असते कुठे? ‘बनवली’ म्हणजे काय केलं? आणि खरं सांग, हिनंच केली का?”

वेबसाइटी बनवूनच माझं पोट चालतं, आणि गेली दोन-तीन वर्षं मी अशा शालेय स्पर्धांना परीक्षक म्हणूनही जाते. (हिच्या स्पर्धेला नव्हते.) तरी लिफ्ट येईपर्यंत मला धड एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मग घरी जाऊन आधी ती वेबसाइट नीट उघडून पाहिली आणि हे लिहायला घेतलं.

असते कुठे?

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. तिथे काय करतो आपण? पुस्तकाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो, आतला माणूस कपाटातून पुस्तक काढून आणतो. वेबसाइटचं बरंचसं तसंच आहे. वेबसाइट म्हणजे काही फाइल्स: मजकुराच्या, चित्रांच्या. त्या एका संगणकावर ठेवलेल्या असतात आणि तो संगणक रात्रंदिवस चालू असतो, कारण चिठ्ठी कधीही येऊ शकते. मागेल त्याला पान देण्यासाठी सतत जागं राहणाऱ्या या संगणकाला म्हणायचं सर्व्हर. आपल्या फोनमधलं क्रोमसारखं अ‍ॅप, म्हणजे ब्राउझर, चिठ्ठी पाठवतं आणि आलेलं पान उलगडून दाखवतं. फरक एवढाच की ग्रंथालयातून पुस्तक गेलं की कपाटात जागा रिकामी होते. इथे प्रत्येकाला प्रत मिळते आणि मूळ पान जागच्या जागी राहतं. म्हणून एकाच वेळी शंभर जण ‘तेच पुस्तक’ वाचू शकतात.

वेबसाइटचं नाव आपण अक्षरांत लिहितो, पण सर्व्हरचा खरा पत्ता आकड्यांत असतो. फोनमध्ये ‘आई’ असं नाव दाबलं की नंबर लागतो, तसं हे नाव आकड्यांत बदलून देणारी एक मोठी सामायिक डायरी इंटरनेटवर आहे. डायरीतल्या आपल्या नावाला डोमेन म्हणतात. त्याचं दरवर्षी भाडं भरावं लागतं, किंवा एखाद्या कंपनीनं फुकट दिलेल्या जागेत तिच्या नावाखाली राहावं लागतं. शाळकरी मुलं बहुतेक करून दुसऱ्या प्रकारात मोडतात. पाहुणे म्हणा ना.

‘क्लाउड’ या शब्दानं फार घोळ करून ठेवलाय. ढगात काही नसतं, सगळं जमिनीवर असतं आणि त्याचं वीजबिल येतं. मी रोज ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून नवी मुंबईतल्या ऐरोलीला जाते. ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या पट्ट्यात खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्यात. बाहेर ओळीनं जनरेटर आणि गारवा देणारी यंत्रं. त्या डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हरांच्या चाळी. नातीची पहिली आगगाडी तिथेच असेल असं नाही, परदेशातल्या एखाद्या चाळीतही असेल. पण कुठेतरी एका खोलीत, एका फळीवर, नक्की आहे.

आणि तिला हे फुकट कसं करता आलं? टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, १९९१ मध्ये ती बाहेरच्यांना खुली झाली. मग ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं जाहीर करून टाकलं की हे तंत्र कुणीही वापरावं, त्यासाठी आम्हाला काही द्यायला नको. त्या एका कागदामुळे आज कोपरीतल्या मुलीला पान लिहायला कुणाचा परवाना लागत नाही.

‘बनवली’ म्हणजे काय केलं?

जुन्या छापखान्यात हस्तलिखित जाण्याआधी संपादक त्यावर खुणा करायचा: हा मथळा, हे ठळक, इथे नवा परिच्छेद. कंपोझिटर त्या खुणा वाचून खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचा. खुणा स्वतः छापल्या जात नसत. एचटीएमएल म्हणतात ते हेच, मजकुरात घातलेल्या खुणा. मूल लिहितं ‘पहिली गाडी’ आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोनी कंसांत खूण घालतं की हा मथळा आहे. ब्राउझर हा आपला कंपोझिटर.

मथळे कोणत्या रंगाचे, किती मोठे, हे वेगळ्या फाइलमध्ये एकदाच लिहायचं. त्याला सीएसएस म्हणतात. एका ओळीत ‘सगळे मथळे जांभळे’ म्हटलं की वीसच्या वीस पानांवर जांभळे होतात. मुलांना हे फार आवडतं आणि पहिले चार दिवस त्यातच जातात.

तिसरी गोष्ट जावास्क्रिप्ट. वाचणाऱ्यानं काही केलं की पानानं काय करायचं, याच्या सूचना. प्रश्नमंजुषा, गुण मोजणं वगैरे यातून होतं. गेल्या वर्षी नवी मुंबईतल्या एका शाळेत मी ठाणे खाडीतल्या पक्ष्यांवरची वेबसाइट तपासत होते. प्रश्न होता, फ्लेमिंगोला मराठीत काय म्हणतात? मी माझ्या फोनवर टाइप केलं, ‘रोहित’. लाल अक्षरांत उत्तर आलं, ‘चूक!’ पुन्हा लिहिलं. पुन्हा चूक. आठवीतला मुलगा घामाघूम. त्यानं माझा फोन घेतला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाला, “मॅडम, तुमचा कीबोर्ड शब्द निवडला की पुढे आपोआप मोकळी जागा सोडतोय. माझा सोडत नाही.” त्याच्या संगणकाला ‘रोहित’ आणि ‘रोहित’नंतरची मोकळी जागा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिथल्या तिथे त्यानं सूचना घातली की आधी कडेच्या मोकळ्या जागा काढ आणि मग तपास. मी त्याला त्यासाठीच जास्त गुण दिले. चूक नव्हतीच असं दाखवणारी मुलं बरीच भेटतात.

काही मुलं यातलं काहीच हातानं लिहीत नाहीत. तयार चौकटीत मजकूर ओढून टाकायची साधनं असतात, त्यांनी करतात. ही फसवणूक का? माझ्या मते नाही. भाजणी दुकानातून आणली तरी चकली पाडायची आणि तळायची तर असतेच. फक्त स्पर्धेच्या नियमांत तसं चालतं का ते बघावं आणि चालत असलं तर सांगून करावं.

मराठीतून केली की दमछाक वेगळी

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ठरवलेल्या या सामायिक क्रमांकयादीला युनिकोड म्हणतात. तिच्या मुख्य भागात देवनागरीसाठी १२८ घरं राखून ठेवलीत. युनिकोड घराघरात पोचण्याआधी प्रत्येक मराठी फॉन्टचा आपला वेगळा हिशोब असे. तुम्ही टाइप केलेली फाइल मी उघडली आणि तो फॉन्ट माझ्याकडे नसला, की इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. सोसायटीच्या जुन्या नोटिसा कुणी जपून ठेवल्या असतील तर आजही उघडून बघा.

आता जोडाक्षरांची गंमत बघा. आपल्याला ‘क्ष’ एक अक्षर दिसतं. संगणकाला दिसतात तीन: क, हलन्ताची खूण आणि ष. ‘ठाणे’ मध्ये चार चिन्हं: ठ, काना, ण, मात्रा. सर्रास वापरल्या जाणाऱ्या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक चिन्ह तीन बाइट (बाइट म्हणजे साठवणीचं माप) घेतं, म्हणजे ठाण्याला बारा बाइट. तेच इंग्रजीत लिहिलं तर पाचात भागतं. मग मराठी वेबसाइट जड होते का? शिक्षक हमखास विचारतात. अजिबात नाही. मोबाइलवर काढलेला चार एमबीचा, म्हणजे साधारण चाळीस लाख बाइटांचा, एक फोटो म्हणजे तेरा-चौदा लाख मराठी चिन्हांएवढं वजन, दोन जाडजूड कादंबऱ्या. पान जड होतं ते मुलं वीस फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसे चढवतात म्हणून. आधी ते लहान करून घ्यावेत.

खरी अडचण आहे कीबोर्डची. एका भूगोलाच्या वेबसाइटवर मोठ्या मथळ्यात होतं, ‘सह्याद्रीतील खोल दर्या’. दर्या म्हणजे समुद्र. हवं होतं ‘दऱ्या’. तो अर्धा र काढायला वेगळं अक्षर लागतं आणि ते कीबोर्डवर कुठे दडलंय हे निम्म्या शिक्षकांनाही ठाऊक नसतं. मुलीला विचारलं तर म्हणाली, “मला माहितीय चूक आहे, पण ते येतच नाही.” मग कुठल्या तरी दुसऱ्या पानावरून तो शब्द उचलून आणून चिकटवला. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या वेबसाइटी चकचकीत दिसतात त्याचं एक कारण हे आहे. त्यांच्यासाठी कीबोर्डसकट सगळं आधीच मांडून ठेवलंय. वेबसाइटचं नावसुद्धा मराठीत ठेवता येतं, देवनागरीतलं ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं. शाळेच्या स्पर्धेत ते वापरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मग गुण कशाला मिळतात?

पालकांना वाटतं हलणारी चित्रं आणि वर उडणारे फुगे यांना. मी ज्या स्पर्धांना गेले तिथे निम्म्याहून जास्त गुण मजकुराला होते, आणि तसंच हवं. ‘शैक्षणिक’ वेबसाइट म्हणजे ती वाचून कुणाला तरी काहीतरी कळायला हवं. मी मुलांना पहिला प्रश्न विचारते, “ही कुणासाठी केलीस?” ‘सगळ्यांसाठी’ असं उत्तर आलं की समजायचं, कुणासाठीच नाही. एका मुलानं सांगितलं होतं, “चौथीतल्या भावासाठी. त्याला अपूर्णांक जमत नाहीत.” त्याची वेबसाइट दिसायला सगळ्यांत साधी होती. पण प्रत्येक उदाहरण पोळीचं होतं आणि पोळी कापल्यावर तुकडे मोजता येत होते.

दुसरा प्रश्न, “हे कुठून कळलं?” खाडीच्याच वेबसाइटवर एक वाक्य होतं, ‘येथे लाखो फ्लेमिंगो येतात’. कुणी मोजले? कधी? मुलगा म्हणाला, “सगळीकडे हेच आहे.” सगळीकडे असतं, कारण सगळे एकमेकांचंच उतरवतात. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. या दोन गोष्टी सरकारी कागदावर शोधून दाखवता येतात. ‘लाखो’चं तसं नाही. पुढच्या फेरीला तो आला तेव्हा ते वाक्य काढून टाकलं होतं आणि लिहिलं होतं: ‘मी ऐरोली पुलावरून बसमधून मोजायचा प्रयत्न केला. साठपर्यंत मोजले, मग बस पुढे गेली.’ अख्ख्या स्पर्धेतलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य.

आजोबांच्या नातीनं इथेच बाजी मारली असावी. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून गाडी सुटली, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं, ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर. हे बहुतेकांना पाठ असतं. पण ठाण्याला पोचायला वेळ किती लागला? कुठे ५७ मिनिटं वाचायला मिळतात, कुठे सव्वा तास. तिनं दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले, कोणता कुठून घेतला ते लिहिलं, आणि खाली एक ओळ: ‘मला दोन्हींपैकी खरं कोणतं ते ठरवता आलं नाही.’ बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं हे लिहावं याला मी तरी पहिला नंबर दिला असता.

एआयनं नाही ना केली? नाहीतर बाबांनी?

हा संशय नवा नाही. विज्ञान प्रदर्शनातले ज्वालामुखी कोण करत होतं ते आपल्या पिढीला चांगलं माहीत आहे. आता बाबांच्या जोडीला एआय आलाय, एवढंच. एआय म्हणजे अफाट मजकूर वाचून ‘यापुढे कोणता शब्द शोभेल’ याचा अंदाज बांधत लिहिणारं यंत्र. ते एचटीएमएल उत्तम लिहितं. मराठीही बरी लिहितं. पण शोभणारं आणि खरं यांत फरक असतो. एका वेबसाइटवर संदर्भ म्हणून दिलेलं पुस्तक मी शोधायला गेले, तर तसं पुस्तकच नव्हतं. नाव मात्र अगदी पटण्यासारखं होतं.

यावर बंदी हा उपाय नाही असं मला वाटतं, कारण ती पाळली जाते का ते कळणारच नाही. आम्ही एक साधी चाचणी घेतो. मुलाला शेजारी बसवून सांगतो, “हा मथळा हिरवा करून दाखव. आणि हे पान काढून टाकायचं झालं तर कोणतं काढशील, का?” ज्यानं केलंय तो अर्ध्या मिनिटात फाइल उघडतो. दुसऱ्या प्रश्नावर तर वाद घालतो, कारण एकही पान काढायला त्याचा जीव होत नाही. ज्याच्यासाठी कुणीतरी करून दिलंय तो बाबांकडे बघतो. बाबा दाराबाहेरून खुणा करत असतात.

मोबाइल मुलांच्या हातून काढून घ्यायचा की त्यावर वेबसाइटी करायला लावायच्या, हाही प्रश्न येतोच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग, म्हणजे संगणकाला सूचना लिहून देणं, आणायचं म्हटलंय, तेव्हा शाळा हे करणारच. पडद्यापुढचा वेळ यानं कमी होत नाही, हे मान्य. उलट शेवटच्या आठवड्यात वाढतो.

फोटो गुगलवरून, नाव पूर्ण

दोन ठिकाणी मात्र शाळा फार ढिसाळपणा करतात.

गुगलवर दिसलं म्हणजे फुकट, असं नसतं. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखन आणि चित्रांवरचा हक्क साधारणपणे निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. वर्गात शिकवण्यासाठी कायद्यात सवलत आहे, पण वर्गातल्या फळ्यावर चित्र लावणं वेगळं आणि तेच जगभर उघडं ठेवणं वेगळं. सोपा मार्ग म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असलेली चित्रं. निर्मात्यानं आधीच ‘माझं नाव देऊन वापरा’ असं लिहून ठेवलेलं असतं. अटी वाचायच्या आणि नाव द्यायचं. त्याहून सोपं म्हणजे स्वतः काढायचं.

दुसरं नावाचं. ‘आमच्याविषयी’ या पानावर मुलीचं पूर्ण नाव, शाळा, तुकडी, फोटो आणि वर ‘मी रोज अमुक क्लासला जाते’. मी हे एकाच पानावर एकत्र पाहिलंय. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची सगळी मुलं बालक धरलीत आणि त्यांची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते. पण कायदा राहू द्या, जिन्यात लावलेल्या पाटीवर आपण एवढं लिहू का? पहिलं नाव आणि इयत्ता, पुरे.

बक्षीस मिळाल्यावर तिचं काय होतं?

बहुतेक वेळा मरते. फुकट जागा देणारी कंपनी ती सेवा बंद करते, किंवा शाळा बदलते आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. १९९६ पासून थिंकक्वेस्ट नावाची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, शाळकरी मुलांनी केलेल्या शैक्षणिक वेबसाइटींची. पुढे ओरॅकल कंपनीच्या प्रतिष्ठाननं ती चालवली. मुलांनी केलेल्या हजारो वेबसाइटींचं ग्रंथालय तिथे जमलं होतं. २०१३ मध्ये ती बंद झाली, आणि ग्रंथालयालाही कुलूप लागलं. काही पानं इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनं टिपून ठेवलेल्या प्रतींत सापडतात, इतकंच. म्हणून मी मुलांना सांगते, सगळ्या फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह आईकडे द्या. आई हरवत नाही.

जिवंत असेपर्यंत मात्र ती दुरुस्त करता येते, आणि छापील पुस्तकाला हे जमत नाही. आजोबांना हे सगळं मी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मग त्यांच्या फोनवर नातीची वेबसाइट उघडून दिली, अक्षरं मोठी करून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाशी धरून पहिल्याच पानावरचा फोटो बराच वेळ बघितला. खाली लिहिलं होतं, ‘१८५३ ची पहिली गाडी’.

“ही वर वायर दिसतेय,” ते म्हणाले. “इंजिन वाफेचं आणि डोक्यावर विजेची वायर? आपल्याकडे वायर आली १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला, हार्बरवर. तीन फेब्रुवारी.”

दोन आकडे शेजारी मांडणाऱ्या मुलीनं फोटो मात्र गुगलवरून पहिला सापडला तो घेतला होता. परीक्षकांना ते दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर ती वेबसाइट दोनदा बघितली होती. संध्याकाळी तिनं तो काढला आणि रात्री त्या जागी पेन्सिलनं काढलेलं चित्र चढवलं. एकामागे एक तीन इंजिनं, प्रत्येकाखाली नाव. वायर नाही. आजोबांचं म्हणणं, सुलतानचा धूर कमी पडलाय.